काढला, तर परत कसा आला?

मुलुंडच्या एका शाळेत माझे एक मित्र विज्ञान शिकवतात. शाळेला संगणकाचा स्वतंत्र शिक्षक नाही, त्यामुळे संगणककक्षाची किल्लीही त्यांच्याच खिशात असते. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "रविवारी मोकळे आहात का? मुलींनी मला पेचात टाकलंय."

शाळेत संगणकाला जोडायचा एक डिजिटल सूक्ष्मदर्शक आहे, देणगीतून मिळालेला. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी साऱ्या वर्गाला एकदम दाखवायला तो फार सोयीचा. तो चालेनासा झाला होता. पडद्यावर चित्राऐवजी नुसता काळा चौकोन दिसे. दुरुस्तीवाल्याने फोनवरच उपाय सांगितला, "ड्रायव्हर काढा आणि परत टाका." नववीच्या मुलींनी हे काम हौसेने अंगावर घेतले. ही कृती त्यांच्या वहीत होतीच आणि चाचणी परीक्षेतही येऊन गेली होती. डिव्हाइस मॅनेजर उघडा, यादीतील उपकरणावर माउसचे उजवे बटण दाबा, 'अनइन्स्टॉल' निवडा, संगणक पुन्हा सुरू करा. चार पायऱ्या, चार गुण.

मुलींनी अगदी तसेच केले. संगणक पुन्हा सुरू झाला आणि यादीत तेच उपकरण त्याच ड्रायव्हरसह हजर! चौकोन काळाच. दुसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदा केले. मग एका मुलीने विचारले, "सर, काढला, तर परत कसा आला?" कुणीतरी म्हणाले, "तुझं काहीतरी चुकलं असेल." वहीतले उत्तर बरोबर आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती, कारण त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

मला या प्रसंगातली खरी अडचण सूक्ष्मदर्शकाची वाटली नाही. समोरचे निरीक्षण पुस्तकातल्या विधानाच्या विरुद्ध गेले, आणि विज्ञानाच्या वर्गाने निरीक्षणावर अविश्वास दाखवला. असे का घडले, याचा शोध घ्यायचा तर दोन गोष्टी तपासाव्या लागतील. एक, 'ड्रायव्हर काढणे' या शब्दांआड संगणकात नेमके काय घडते. आणि दुसरी, ते आपण कसे शिकवतो. या दोन्हींवर माझे आक्षेप आहेत आणि ते येथे मांडतो.

दुभाष्या, ज्याच्याकडे किल्ली आहे

ड्रायव्हर म्हणजे काय हे सांगताना आपण बहुधा दुभाष्याचे उदाहरण देतो. 'हे पान छाप' एवढेच आपली लेखनाची आज्ञावली सांगते. छापणाऱ्या यंत्राला मात्र कागद किती सरकवायचा, कोणता ठिपका कुठे उमटवायचा अशा बारीक सूचना हव्या असतात, आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी. मध्ये बसून भाषांतर करणारी छोटी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. उपमा चांगली आहे, पण अपुरी आहे. दुभाष्याने चुकीचे भाषांतर केले तर गैरसमज होईल; घर कोसळणार नाही. ड्रायव्हर चुकला तर अख्खा संगणक बंद पडू शकतो.

उपनगरातल्या मुलांना दुसरी उपमा द्यावी. सोसायटीत प्लंबर बाहेरून येतो, पण गच्चीवरच्या टाकीची किल्ली त्याच्या हाती द्यावी लागते. एका घरातला नळ दुरुस्त करताना त्याचा हात चुकला, तर साऱ्या इमारतीचे पाणी जाते. संगणकात ज्याला कर्नल म्हणतात तो कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे ही टाकी. स्मृती कुणाला किती द्यायची, तबकडीवर कोण लिहिणार, प्रक्रियक आता कुणाचे काम करणार, हे सारे तिथे ठरते. आपण रोज वापरतो त्या आज्ञावल्या गाभ्याबाहेर चालतात. त्यातली एखादी कोसळली तर तेवढीच बंद पडते. बरेचसे ड्रायव्हर मात्र गाभ्याच्या आत, त्याच्याच अधिकाराने चालतात, कारण उपकरणाशी थेट आणि झटपट बोलायचे असते. आणि ते लिहिलेले असतात बाहेरच्या शेकडो कंपन्यांनी.

परिणाम काय होतो? २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सचा गाभा तपासला, तेव्हा ड्रायव्हरच्या भागातील चुकांचे प्रमाण उरलेल्या भागाच्या तीन ते सात पट आढळले. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या निबंधात नमूद केले की, विंडोज एक्सपी कोलमडल्याच्या नोंदवलेल्या घटनांपैकी ८५ टक्के घटनांचे मूळ ड्रायव्हरमध्ये होते. म्हणजे ड्रायव्हर काढता येणे हे दुरुस्तीवाल्याचे किरकोळ कसब नाही. ज्याला किल्ली दिली त्याच्याकडून ती परत घेता येते की नाही, असा हा प्रश्न आहे.

एक ओळ खोडण्याचे दिवस

मी महाविद्यालयात होतो तेव्हा डॉसचे दिवस संपत आले होते. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला संगणक, आणि ध्वनिपट्टीबरोबर मिळालेली फ्लॉपी. डॉसमध्ये 'कॉन्फिग डॉट सिस' नावाची साध्या मजकुराची एक फाइल असे. संगणक सुरू होताना ती ओळीने वाचली जाई. 'डिव्हाइस' या शब्दाने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक ड्रायव्हर. तो नको असेल तर ती ओळ खोडायची किंवा तिच्याआधी 'रेम' ही तीन अक्षरे टाकायची. पुढच्या वेळी ड्रायव्हर स्मृतीत चढतच नसे. त्याची फाइल तबकडीवर पडून राही. ती हवी तर वेगळी पुसायची.

त्या काळाबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. दोन उपकरणे एकाच व्यत्ययक्रमांकावर हक्क सांगू लागली की रात्ररात्र जाई. पण एक गुण होता. 'चढू नये' आणि 'पुसला जावा' या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे डोळ्यांना दिसत होते. ओळ वेगळी, फाइल वेगळी.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि 'प्लग अँड प्ले' ही कल्पना घराघरांत पोहोचली. उपकरण जोडा, बाकीचे संगणक पाहील. त्याच विंडोजबरोबर डिव्हाइस मॅनेजरची झाडासारखी यादीही आली. सोय मोठी होती, पण आतले गुंतागुंतीचे काम संपले नव्हते, फक्त नजरेआड गेले होते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ दाखवताना एक स्कॅनर जोडला, आणि भरसभेत पडदा निळा झाला. लोक हसले, टाळ्या पडल्या. ते चित्रण आजही पाहायला मिळते. आपण त्यातला विनोद पाहतो. उपकरण जोडताच गाभ्यात काय शिरते, हा त्यातला धडा मात्र आपण शिकवत नाही.

एक क्रियापद, तीन क्रिया

आता मुलींच्या प्रश्नाकडे वळू. विंडोजमध्ये एखाद्या उपकरणाशी निगडित तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, नोंद. अमुक उपकरण अमुक खाचेत जोडले आहे आणि त्याला अमुक ड्रायव्हर लावला आहे, ही हजेरीपटातील ओळ. दुसरी, ड्रायव्हरचा गठ्ठा. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक ड्रायव्हरची संपूर्ण प्रत 'ड्रायव्हर स्टोअर' नावाच्या कोठारात ठेवली जाते. तिसरी, मागे राहिलेल्या खुणा: कंपनीने सोबत दिलेल्या इतर आज्ञावल्या, नियम, बदललेल्या मांडण्या.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसते 'अनइन्स्टॉल' म्हटले की फक्त पहिली गोष्ट जाते. हजेरीपटातली ओळ खोडली जाते. संगणक पुन्हा सुरू होतो, प्लग अँड प्ले यंत्रणा सगळ्या खाचा तपासते, तिला 'नवे' उपकरण सापडते. मग ती कोठारात पाहते. तिथे जुळणारा गठ्ठा असतोच. तो लावून ती नवी ओळ लिहिते. मुलींचे काहीही चुकले नव्हते. संगणकाने आपले काम चोख केले होते. चुकले होते ते वहीतले वाक्य.

गठ्ठाही काढायचा असेल तर त्याच वेळी येणाऱ्या छोट्या चौकटीत, 'या उपकरणाचा ड्रायव्हरही काढा' अशा अर्थाची खूण करावी लागते. ही खूण आपोआप केलेली नसते, आणि विंडोजबरोबरच आलेल्या ड्रायव्हरसाठी ती सहसा दिसतही नाही. दुसरा मार्ग 'पीएनपी-युटिल' या आज्ञेचा. ती कोठारातील बाहेरच्या गठ्ठ्यांची यादी देते आणि हवा तो काढू देते. पण तो गठ्ठा एखादे उपकरण वापरत असेल तर वेगळे सांगितल्याशिवाय ती साफ नकार देते. एवढे करूनही इंटरनेट जोडलेले असेल तर विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणू शकते.

हे असे का रचले असेल? रचनाकारांची बाजूही ऐकली पाहिजे. तुम्ही माउस काढला, उद्या पुन्हा जोडला, तर तो लगेच चालावा ही अपेक्षा रास्तच आहे. त्यासाठी कोठार हवे. एक गठ्ठा पाच उपकरणांना लागत असेल तर एकासाठी तो पुसणे धोक्याचे. म्हणून कोठाराला माझा आक्षेप नाही. आक्षेप शब्दाला आहे. पडद्यावर लिहिलेले असते, 'उपकरण अनइन्स्टॉल करा'. उपकरण टेबलावर आहे. ते कसे अनइन्स्टॉल होणार? प्रत्यक्षात खोडली जाते नोंद, वाचणाऱ्याला वाटते ड्रायव्हर गेला, आणि शिक्षक सांगतो, "सगळं स्वच्छ झालं." तीन क्रियांना एकच क्रियापद वापरले की गोंधळ अटळ आहे. आपण भौतिकीत वस्तुमान आणि वजन यांतला फरक इतक्या आग्रहाने शिकवतो. येथे मात्र नोंद, गठ्ठा आणि खूण यांना एकाच नावाने हाक मारतो.

आमच्या सूक्ष्मदर्शकाचे काय झाले तेही सांगून टाकतो. कोठारात कॅमेऱ्याच्या कंपनीचा जुना, बिघडलेला गठ्ठा होता आणि प्रत्येक वेळी तोच लावला जात होता. गठ्ठा काढून उपकरण पुन्हा जोडले, तेव्हा विंडोजने स्वतःजवळचा सर्वसामान्य व्हिडिओ ड्रायव्हर लावला आणि पेशी दिसू लागल्या. बहुतेक साधे यूएसबी कॅमेरे एका सामाईक मानकाप्रमाणे बोलतात. त्यांना स्वतःचा दुभाष्या लागतच नाही. 'काढा आणि परत टाका' या उपायाचा दुसरा अर्धा भाग मुळातच अनावश्यक होता.

काढल्याने न पुसले जाणारे

काढण्याच्या कल्पनेची आणखी एक मर्यादा ऑक्टोबर २०१४ मध्ये जगापुढे आली. यूएसबी आणि जुन्या धर्तीची क्रमिक जोडणी यांच्यामध्ये दुवा साधणारी एक चकती स्कॉटलंडची एफटीडीआय कंपनी बनवते. प्रयोगशाळांतली उपकरणे आणि हौशी मंडळींच्या आर्डुइनो पट्ट्या यांत ती सर्रास असते, आणि तिच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पसरला. नकली चकती भेटली की तो तिच्या आतील ओळखक्रमांक शून्य करून टाकी. त्यानंतर ती चकती कोणत्याच विंडोज संगणकाला ओळखू येईना. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

नकलेचा बंदोबस्त करण्याचा कंपनीचा हक्क मान्य करूनही येथे दोन प्रश्न उरतात. वाहिनी विकत घेणाऱ्या शाळेला किंवा विद्यार्थ्याला ती नकली आहे हे कळायला मार्ग नव्हता. शिक्षा त्याला झाली. आणि दुसरे, या प्रकरणात ड्रायव्हर काढून काहीच साधत नव्हते. बदल संगणकात राहिला नव्हता. तो चकतीच्या कायम स्मृतीत लिहिला गेला होता. ड्रायव्हर काढा, संगणक बदला, चकती मुकीच. क्रमांक पुन्हा लिहिणे हाच उपाय होता. 'काढणे' म्हणजे 'पूर्ववत करणे' नव्हे, हे सांगायला याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

१९ जुलै २०२४ : अंधेरी

ज्याला हे सारे तांत्रिक बारकावे वाटत असतील, त्याने १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवावा. त्या दिवशी सहारच्या विमानतळावर, म्हणजे आपल्या अंधेरीत, विमान कंपन्यांचे पडदे निळे पडले. प्रवाशांच्या नोंदी हाताने होऊ लागल्या. देशात काही विमानतळांवर विमानात चढण्याचे पास चक्क पेनाने लिहून दिले गेले. जगभर रुग्णालये, बँका, दूरचित्रवाणी केंद्रे यांची तीच गत. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले, आणि तरीही ते विंडोजवरील एकूण संगणकांच्या एक टक्क्याहून कमीच होते.

कारण ठरली ती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक छोटी फाइल. संगणकावर नजर ठेवणारी या कंपनीची आज्ञावली गाभ्यात ड्रायव्हर म्हणून बसते. कोणतेही उपकरण न चालवणारा हा ड्रायव्हर. त्याला फक्त टाकीची किल्ली हवी असते. त्याला वेळोवेळी नवे नियम सांगणाऱ्या फाइली इंटरनेटवरून येतात. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अशी एक फाइल सुटली. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ती मागे घेतली. एकूण ७८ मिनिटे.

६ ऑगस्ट २०२४ रोजी कंपनीने आपला कारणमीमांसेचा अहवाल प्रसिद्ध केला. तो शिक्षकांनी जरूर वाचावा. त्यातले मर्म शाळेच्या भाषेत असे सांगता येईल. एका तक्त्यात २१ रकाने ठरले होते, पण माहिती पुरवणारा लिपिक २० च देत होता. आधीच्या सगळ्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असे लिहिलेले असे, म्हणून तिथे कुणी डोकावलेच नाही. त्या दिवशीच्या नव्या नियमाने प्रथमच एकविसावा रकाना पाहायला सांगितला. तिथे काही नव्हते. ड्रायव्हरने आपल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचली. सामान्य आज्ञावलीने हे केले असते तर ती एकटी बंद झाली असती. गाभ्यात असे घडले की स्वतःच्या स्मृतीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि माहिती बिघडू नये म्हणून विंडोज सारेच थांबवते.

अहवालाचे कौतुक करावे ते त्याच्या नेमकेपणाबद्दल. २१ आणि २० हे आकडे कंपनीने लपवले नाहीत. उपायही योग्य आहेत: रकाने मोजून पाहणे, चाचण्या वाढवणे, नवी फाइल एकदम सगळीकडे न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवणे, ग्राहकाला काही नियंत्रण देणे. पण हा सारा भर चूक पोहोचण्यापूर्वीच्या काळजीवर आहे. माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोठा धडा चूक पोहोचल्यानंतरचा आहे. आलेली गोष्ट काढायची कशी?

उपाय म्हणून दिलेली कृती पाहा. संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरू करा, विंडोजमधल्या ड्रायव्हर्सच्या कप्प्यात जा, क्राउडस्ट्राइकचा उपकप्पा उघडा, २९१ हा क्रमांक असलेली फाइल पुसा, संगणक पुन्हा सुरू करा. पाच पायऱ्या, आमच्या नववीच्या वहीत शोभतील अशा. पण बंद पडलेला संगणक इंटरनेटवरून आज्ञा घेऊ शकत नव्हता, त्यामुळे असंख्य ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जाऊनच हे करावे लागले. तबकडी कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली आधी टंकित करायची, आणि त्या किल्ल्यांची यादी ज्या संगणकात, तोच बंद असला तर आणखी शोधाशोध. आत यायला काही मिनिटे लागली. २९ जुलैला, म्हणजे दहा दिवसांनी, कंपनीने सांगितले की सुमारे ९९ टक्के यंत्रे पुन्हा कामाला लागली आहेत. ७८ मिनिटे आणि दहा दिवस. रचना कशी आहे ते या दोन आकड्यांच्या तफावतीत दिसते. बसवण्याची वाट रुंद आणि आपोआप चालणारी. काढण्याची वाट अरुंद आणि पायी चालायची.

या घटनेनंतर हालचाल झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद पडलेले यंत्र दुरून सावरण्याची सोय जाहीर केली, आणि सुरक्षा आज्ञावल्या गाभ्याबाहेर चालवण्याच्या दिशेने काम सुरू असल्याचे सांगितले. अ‍ॅपलने २०१९ पासूनच बाहेरच्या ड्रायव्हरना गाभ्याबाहेरची जागा देऊ केली होती. प्लंबर हवाच, पण टाकीची किल्ली प्रत्येकाला का द्यावी, हा प्रश्न आता विचारला जातो आहे.

भंगारात जाणारी चांगली यंत्रे

शाळांच्या दृष्टीने या विषयाची दुसरी बाजू अधिक जवळची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे, आणि ६४ बिटांच्या गाभ्यात ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नसेल, तर काल चालणारा स्कॅनर आज मुका होतो. त्याची काच, दिवा, मोटार सगळे उत्तम असते. दुभाष्या तेवढा गेलेला असतो. 'स्कॅनर खराब झाला' असा शेरा मारून तो भंगारवाल्याला दिला जातो. हे निदान चुकीचे आहे, आणि अनुदानावर चालणाऱ्या शाळेला ते परवडणारेही नाही.

असे यंत्र टाकण्याआधी एकदा लिनक्सवर तपासून पाहावे. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवता येते; संगणकातील काही पुसावे लागत नाही. तिथे बहुतेक ड्रायव्हर गाभ्याच्याच संहितेबरोबर, सर्वांना वाचता येतील असे उघडे ठेवलेले असतात, आणि स्कॅनरसाठी 'सेन' हा स्वतंत्र प्रकल्प जुन्या यंत्रांना सांभाळून घेतो. प्रत्येक यंत्र चालेलच असे नाही. पण २०१४ मध्ये शून्य क्रमांकाच्या त्या मुक्या चकत्याही ओळखाव्यात अशी दुरुस्ती लिनक्समध्ये करता आली, कारण संहिता उघडी होती. पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही मिळतात.

वर्गात करता येण्याजोगे

माझा शेवटचा आक्षेप आपल्यावरच आहे. संगणक हे एकच असे 'शास्त्र' आहे, जे आपण स्वयंपाकाच्या कृतीसारखे शिकवतो आणि पायऱ्या पाठ करून घेतो. पायरी क्रमांक तीन का आहे, हे कुणी विचारत नाही. पुढल्या वर्षी कंपनी पडद्यावरचे शब्द बदलते आणि पाठांतर वाया जाते. याऐवजी पुढील तीन प्रयोग करून पाहावेत. शाळेच्या कार्यालयाचा संगणक मात्र यासाठी वापरू नये, आणि तबकडी, पडदा, कळफलक यांच्या ड्रायव्हरना हात लावू नये.

पहिला प्रयोग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'लपलेली उपकरणे दाखवा' हा पर्याय निवडा. माउसच्या शीर्षकाखालील नोंदी मोजा. फिकट दिसणाऱ्या नोंदी आता न जोडलेल्या उपकरणांच्या आहेत. तोच माउस आळीपाळीने वेगवेगळ्या खाचांत लावा आणि पुन्हा मोजा. नोंदी वाढल्या का? एकाच माउसला संगणक अनेक का समजतो? बहुतेक माउसना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून संगणक त्यांना खाचेवरून ओळखतो. ओळख म्हणजे काय, यावर येथे छान चर्चा होते.

दुसरा प्रयोग. एखाद्या जादा वेबकॅमेऱ्याची नोंद काढा, खूण न करता. कॅमेरा उपटून पुन्हा लावा. ड्रायव्हर परत आला. कुठून? मुलांना दोन तर्क सुचतील: इंटरनेटवरून किंवा तबकडीवरून. आता इंटरनेटची जोडणी काढून हाच प्रयोग पुन्हा करा. एक घटक बदलायचा, बाकीचे कायम ठेवायचे; प्रयोगाचे तेच जुने तत्त्व.

तिसरा प्रयोग. पेनड्राइव्हवरील लिनक्समध्ये 'एलएस-मॉड' ही आज्ञा द्या. गाभ्यात या क्षणी चढलेल्या घटकांची यादी येते. तिसऱ्या रकान्यात तो घटक किती जण वापरत आहेत तो आकडा असतो. कॅमेऱ्याचे चित्र चालू असताना 'यूव्हीसी-व्हिडिओ' हा घटक काढायचा प्रयत्न करा. 'वापरात आहे' असे उत्तर मिळेल. चित्र बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. घटक निघतो, कॅमेरा नाहीसा होतो. पुन्हा चढवा, परत येतो. संगणक बंद-चालू न करता. फाइल तबकडीवर होती तिथेच आहे. चढवणे आणि बसवणे, उतरवणे आणि पुसणे यांतला फरक मुलांच्या डोळ्यांसमोर घडतो.

हे तीन प्रयोग झाले की परीक्षेतला चार गुणांचा प्रश्न बदलता येईल. 'ड्रायव्हर काढण्याच्या पायऱ्या लिहा' असे न विचारता, 'एका विद्यार्थिनीने ड्रायव्हर काढला, संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो परत दिसला. याची दोन संभाव्य कारणे सांगा आणि त्यातले खरे कोणते हे कसे ठरवाल ते लिहा', असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या नव्या आवृत्तीने जुने होणार नाही.

माझ्या मित्राने पुढल्या तासाला मुलींना सांगितले, "तुमचं बरोबर होतं, वही चुकली होती." त्या मुलीने वहीतल्या चौथ्या पायरीपुढे पेन्सिलीने एक वाक्य लिहिले आहे: 'यादीत पुन्हा पाहा. परत आला असेल तर कुठून आला ते शोधा.' पाचव्या पायरीला अजून गुण नाहीत. ते देणे आपल्या हातात आहे.